बसथांब्यावरची उशी

सकाळी सायकल काढली तेव्हा लख्ख ऊन होतं. घाटात पाऊस लागला आणि माथ्यावर बर्फ. बोटं ब्रेकवर वळेनात, उतारावर सायकल घालायची भीती वाटली, म्हणून बसथांब्यात शिरलो. जपानातल्या या खेड्यात बाकावर हाताने शिवलेल्या उशा बांधलेल्या होत्या. मी उभाच राहिलो. आठवीत शाळा सोडून लोकांकडे कामाला लागल्यापासून परक्या जागी बसताना मला कुणाची तरी परवानगी लागते.

समोरच्या घरातून एक आजी आल्या. "उभा का रे?"

मोडक्या जपानीत म्हणालो, "आजी, उशी भिजेल."

"मग मी ती काय बघायला शिवली?"

बसलो. कोण येणार ते ठाऊक नसताना कुणीतरी त्याच्यासाठी टाके घालून ठेवतं. हळूहळू बोटं वळू लागली. बाहेर पुन्हा ऊन पडलं, तरी मी उठायची घाई केली नाही.