भिवाचं भात आणि वरचं तळं

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार ओळखीची माणसं घ्यावीत, त्यातलं एक आमच्या अंत्यासारखं असावं, आणि सगळ्यांना दोन दिवस डोंगरात चालायला लावावं. बाकीचं आपोआप होतं. आम्ही कुडाळच्या एकाच शाळेतले चौघे. पन्नाशी आली तरी दरवर्षी दसरा झाला की पाठीवर सॅक टाकून डोंगरमाथ्यावरच्या कातळसड्यावरची तळी बघायला जातो. घरी पाहुणे आले की बायको आधीच बजावते, "तळ्याचं सुरू करू नका हं." मग पाहुणेच विचारतात.

मी कणकवलीला कॉलेजात ग्रंथपाल. शामलचं कुडाळला मेडिकलचं दुकान. अंत्याचा शिरोड्याला होमस्टे. आणि भिवा शेतकरी, घर डोंगराच्या पायथ्याशीच. भिवा नसेल तर आम्ही तिघं पहिल्या वळणावरून परत येऊ, यात शंका नाही.

यंदा त्याच्या घरी पोचलो तर त्याचं भात कापून शेतात आडवं पडलेलं. घरात वर्षभर खायचं भात! दोन दिवस वाळायचं, मग उचलायचं. बायको आजारी आईकडे गेलेली, घरात दुसरं कोणी नाही.

मी म्हटलं, "भिवा, पुढच्या आठवड्यात जाऊया. परतीचा पाऊस आला म्हणजे?"

"शामलान दुकान बंद ठेवल्यान हा. ती चतुर्थीकसुद्धा ठेवणा नाय. आणि अंत्याचो मोबायल दोन दिस ऊन दाखवता."

"निदान शेजारच्या दादूला सांगून ठेव."

दादूशी भिवाचं नऊ वर्षं बोलणं नाही. दोघांच्या कोपऱ्यांच्या, म्हणजे भाताच्या खाचरांच्या, मधल्या बांधावर एक फणस आहे, तो कुणाचा यावरून बिनसलं. तेव्हापासून फणस पिकतात, पडतात, कुजतात, पण खात कोणी नाही. भिवाने दाराला कडी घातली आणि चालायला लागला.

* * *

अंत्याने नवी सॅक घेतली होती, साठ लिटरची. लिटर कशाचे, हे त्याला अजून कळलेलं नाही. पहिल्याच चढावर त्याच्या छातीचा भाता सुरू झाला. भिवाने न बोलता त्याची सॅक काढून स्वतःच्या खांद्याला लावली. अर्ध्या तासाने म्हणतो, "अंत्या, ह्यात काय आसा रे? माका पाठीत टोचता."

सॅक उघडली. आत आडाळो! नारळ खवायची विळी, फळीसकट.

"तळ्यार बसान सोलकढी करूया म्हटलंय," अंत्या म्हणाला.

शामलने शांतपणे विचारलं, "नारळ खंय आसा?"

अंत्याने सॅकमध्ये पाहिलं, मग आमच्याकडे, मग खाली दरीत. नारळ शिरोड्याला ओट्यावरच राहिला होता. भिवाने तो आडाळो दोन दिवस वाहिला आणि एका शब्दाने बोलला नाही. वर अंत्याची समजूत घातली, "ऱ्हवांदे. लोखंड आसा, रानात बरा."

* * *

जंगल सुरू होतं तिथे राखणदाराचा दगड आहे. तिथे गाऱ्हाणं घातल्याशिवाय भिवा पाऊल टाकत नाही. पान-सुपारी ठेवली, हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या हद्दीतसून चलली हत. ह्या बायचो गुडघो सांभाळ. ह्या मास्तराचा बीपी सांभाळ. ह्या अंत्याची जीभ सांभाळ."

आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हटलं. माझं बीपी मी घरी सांगितलं नव्हतं. आता ते देवाला कळलं त्याचं काही नाही, अंत्याला कळलं. म्हणजे शिरोड्याला कळलं.

शामल म्हणाली, "आणि तुझ्या भाताचा काय? ता सांगूक नाय."

"एका टायमाक किती सांगतलंस? तेकाय कामा आसत."

* * *

खालच्या तळ्यापाशी पुण्याची चार पोरं भेटली. हातात काठ्या, डोक्याला दिवे, घड्याळात उंची. त्यांनी भिवाला विचारलं, "काका, ट्रेल कुठे आहे?"

परक्या माणसाशी भिवा एकदम शुद्ध मराठीत जातो. "आपण उभे आहात ती म्हशींची वाट आहे. आपली डावीकडून आहे." आणि रबरी चपलांनिशी अर्धा तास त्यांच्याबरोबर जाऊन त्यांना वाटेला लावून आला. पोरांनी प्रेमाने एक एनर्जी बार दिला होता. भिवाने तो चावून चावून खाल्ला.

"कसो आसा?" अंत्याने विचारलं.

"बरो आसा. आमच्याकडे म्हशीक घालतत."

* * *

त्या संध्याकाळी अंत्या डोकं दुखतं म्हणून कण्हत होता. म्हणजे कण्हत होता आणि बोलतही होता. शामलने पाऊचमधून गोळी काढली. "ही घे, आणि गप ऱ्हव. दोन्ही जेवणानंतर."

ही बाई कशी आहे ते सांगतो. वरचं तळं तिने अजून पाहिलेलं नव्हतं. तीन वर्षं गुडघ्यामुळे ती खालच्या तळ्यावरून परत फिरली होती. यंदा चार महिने व्यायाम करून आली होती. रविवारी सकाळी आम्ही वरच्या तळ्याच्या अगदी जवळ आलो, वीस मिनिटांची वाट राहिली असेल, चहाला थांबलो, तेवढ्यात दर्याच्या बाजूने आभाळ काळं झालं. भिवाने वर पाहिलं आणि चहाचं भांडं घासायला घेतलं.

"भिवा, भात," शामल म्हणाली.

"ता भिजाचा तर भिजात. तू तळा बघ. तीन वर्सां झाली."

तिने सॅक पाठीला लावली आणि उताराकडे तोंड केलं. "तळा पळान जायत नाय. चला."



* * *

उतरताना व्हायचं तेच झालं, शामलचा गुडघा आखडला. भिवा तिला सोडून पुढे यायला तयार नाही. आम्हा दोघांना म्हणाला, "तुमी धावा. फणसाखालचो कोपरो. जमात तितक्या भात उचला आणि माझ्या पडवीत टाका."

आम्ही धावलो. धावलो म्हणजे अंत्या दोनदा पडला. फणसाखाली पोचलो तर बांधाच्या एका बाजूचा कोपरा रिकामा, दुसऱ्या बाजूला भात आडवं. अंत्या म्हणाला, "बघ, दादून आपला उचलल्यान. शेजाऱ्याचा तसाच टाकल्यान!" दादूच्या नावाने बोटं मोडत आम्ही भारे बांधले. माझं बीपी, त्याचं पोट, कशाची पर्वा केली नाही. शेवटचा भारा पडवीत पडला आणि वरून धो धो पाऊस कोसळला. आम्ही एकमेकांना मिठीच मारली.

तेवढ्यात भिवा आला, शामलला खांद्याचा आधार देत. पडवीतलं भात बघून थांबला. एक लोंबी हातात घेतली.

"ह्या लाल भात. माझा सफेद."

मग आम्ही सगळे समोर बघायला लागलो. पलीकडे दादू हातात दोर घेऊन रिकाम्या कोपऱ्यात भिजत उभा होता, आपलं भात शोधत. त्याच्या मागे, त्याच्या पडवीत, निळ्या ताडपत्रीखाली भिवाचं सगळं भात कोरडं रचलेलं. ते उचलून, झाकून तो आत्ता कुठे आपल्या भातासाठी आला होता.

"परत बदलूया?" अंत्या कुजबुजला. शामलने त्याचा दंड धरला.

भिवा पावसात उतरला आणि बांधापर्यंत गेला. दादूही पलीकडून फणसापाशी आला.

"दादू," भिवा म्हणाला, "भात झोडूक खंय घेवया? तुझ्याकडे की माझ्याकडे?"

दादूने तोंडावरचं पाणी पुसलं.

"तुझी पडवी मोठी आसा," तो म्हणाला.