दोनदा वाजणारा फोन

बसवनगुडीत घरोघरी इंटरनेट जोडून देणारा एक माणूस होता. कुठेही गेला की आधी फोनचा रिसीव्हर कानाला लावायचा आणि डोळे मिटून लाईन ऐकत राहायचा. मध्ये काही बोललं की म्हणायचा, "स्वल्प थांबा, अक्का."

आमच्याकडे आला तेव्हा माझं काही ठरत नव्हतं. तो विकायचा ते फोनवरचं इंटरनेट घ्यावं, की टीव्हीच्या केबलवाल्यांनी नुकतंच आणलेलं? "केबलचं काय, वारा सुटला की गेलं!" असं तो ठासून सांगत होता, तेवढ्यात फोन वाजला. तो उचलायला गेला.

"राहू द्या," मी म्हटलं. "हे होसकोट्याला कारखान्यात पोचले की दोनदा वाजवून ठेवून देतात."

फोन दोनदा वाजून थांबला. त्याने मोडेम परत पिशवीत टाकला. "मग आमचं नको. तुम्ही इंटरनेटवर असलात की तुमच्या ह्यांचा फोन लागायचा नाही. केबलचंच घ्या."

महिन्याभराने एका सकाळी शेजारीण धावत आली. होसकोटे रस्त्यावर ह्यांच्या कारखान्याची बस उलटली होती. मी कंप्युटरवर इंटरनेट लावूनच बसले होते. आणि फोन दोनदा वाजून थांबला.

पुढे तो बाजारात भेटला तेव्हा हे सगळं सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"सरी, बरं झालं," म्हणाला. "दोन्ही वेळा नीट वाजला ना?"