सुटलेला तीन

दर्शना भोईर कोलशेतची. तिचे वडील, आबा, तरुणपणी मिठागरात राबलेले. ही घोडबंदर रोडच्या ऑफिसात एफ शार्प या संगणकाच्या भाषेत कोड लिहायची. मी तिच्या शेजारी बसायचो. मला टापटिपीचं वेड आणि दुसऱ्याचं काम नीटनेटकं करायची वाईट खोड.

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलसाठी तिने पेशंटच्या ॲलर्जींची यादी लिहिली होती. पेनिसिलिनला एक, सल्फाला दोन, ॲस्पिरिनला चार. पुढची आली तर आठ. विजेच्या बोर्डासारखं प्रत्येकीचं बटण वेगळं, आणि पेशंटच्या नावापुढे नुसती बेरीज. बेरीज तीन, म्हणजे पेनिसिलिन आणि सल्फा दोन्ही चालत नाहीत. हे मला आज कळतं. तेव्हा ही भाषा मला नवी होती, आणि नऊ वर्षांच्या अनुभवानंतर तिला विचारायची लाज वाटायची. त्याच दोन ॲलर्जी आधी का घेतल्या, एवढंच एकदा विचारलं. म्हणाली, "आमच्या आबांना त्याच आहेत ना रे."

ती चुलतबहिणीच्या हळदीला सुट्टीवर गेली असताना हॉस्पिटलने यादीत धुळीची ॲलर्जी वाढवायला सांगितली. मी यादी उघडली. एक, दोन, चार. वाटलं, बाई घाईत तीन विसरली. मी धुळीला तीन दिला आणि स्वतःवरच खूश झालो.

दोन महिन्यांनी आबांना न्यूमोनिया झाला. त्याच हॉस्पिटलात नेलं. नर्सने ॲलर्जी विचारल्या तेव्हा दर्शना म्हणाली, "सगळं सिस्टीममध्ये आहे, सिस्टर. मीच लिहिलंय ते." आबांची बेरीज तीन. स्क्रीनवर एकच शब्द आला, धूळ. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं गेलं आणि अर्ध्या तासात आबा गेले.

तेरावं उरकून ती ऑफिसात आली. कुठली ओळ कोणी बदलली, याची नोंद राहते. तिने ती उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव, तारीख, आणि मी ऐटीत लिहिलेली टीप: 'सुटलेला तीन भरला.'

मला माफी मागायची होती. मेलो असतो तर बरं, असं वाटलं.

ती ओरडली नाही. आजारी माणसाशी बोलावं तशी हळू म्हणाली, "सुटलेला नव्हता रे, प्रशांत. तिथे आबा होते."