फुली म्हणजे होय

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. घरात मी आणि माझा कॉम्प्युटर, दोघंच. त्याला सांगायची गरज नाही — सगळं त्याच्याच पोटातून निघालेलं.

मी हिंगोलीत एका खोलीत बसून प्रोग्रॅम लिहितो. डोंगरकडा गावातल्या एका मंगल कार्यालयाला लग्नाच्या तारखा राखून ठेवायचा प्रोग्रॅम दिला होता. देखणा होता हो — गुलाबी खिडक्या, सोनेरी बटणं, अगदी आहेराच्या पाकिटासारखा. तिथं कॉम्प्युटरवर युनूसचाचा बसायचे. अडलं की मला फोन — "इंजिनेर सायेब, ही खिडकी काहून बंद होऊन न्हाई राहिली?" मग बोलणं तुरीवरून गुडघेदुखीवर जायचं. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस. आणि मी? जांभया द्यायचो.

लग्नसराईत एका सकाळी कार्यालयासमोर दोन वऱ्हाडं उतरली. दोन नवरदेव, दोन बँड, मांडव एकच.

मालकांनी मला बोलावून घेतलं. चाचा सांगत होते, "म्या 'होय' दाबलंच न्हाई. चुकून ती खिडकी उघडली, म्हणून कोपऱ्यातल्या फुलीनं बंद केली. बस." मालक माझ्याकडे वळले — "काय म्हणतं तुझं मशीन?"

मी पाहिलं. 'तारीख रद्द करायची?' असं विचारणारी खिडकी. 'नाही' दाबलं तर थांब, दुसरं काहीही दाबलं तर रद्द कर — हे माझ्याच हातचं. फुलीचा मी विचारच केला नव्हता. न बोलता उठून जाणाऱ्या माणसाचा होकार धरावा, तसं झालं. चाचांच्या नकळत पहिल्या वऱ्हाडाची तारीख मोकळी झाली, आणि मोकळी दिसली म्हणून त्यांनी ती दुसऱ्यांना दिली.

'चूक माझी' — एवढंच म्हणायचं होतं. जड होतं का फार?

मी म्हणालो, "मशीन सांगितलं तेवढंच करतं."

वाक्य खरं होतं — तोच तर त्यातला हलकटपणा.

चाचांना त्याच दिवशी काढलं. त्यांच्याच खुर्चीत बसून मी गुपचूप फुली दुरुस्त केली. तेव्हापासून प्रोग्रॅम कधी अडला नाही. तिकडून फोनही नाही.

मागे हिंगोलीच्या बसस्टँडवर चाचा दिसले, सोबत जावई. वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी हाक मारली, जावयाला म्हणाले, "हे इंजिनेर सायेब. लई हुशार. त्या टायमाला माझंच बोट चुकलं असंल, ह्यांचं मशीन बराबर होतं."

ते खरंच तसं समजून चालले होते. आणि मी — मान डोलावली. मग त्यांनी चहा सांगितला. तो प्यालो.