हात वर कर, कमळे

"हात वर कर, कमळे. लोकांना दिसू दे."

माझ्या आईने हात वर केला. भरल्या सभागृहात, स्टेजवर, नव्या साडीत. साडी ती ज्यांच्या घरी धुणं करायची त्यांनीच दिलेली, कार्यक्रमाला ये म्हणून. उजवा हात. मनगटाच्या वर वाकडा जोडला गेलेला, बोटं पुरती मिटत नाहीत. आई साठी उलटलेली, आणि तिला 'कमळे' म्हणणारा राजाभाऊ तिच्याहून दहा वर्षांनी लहान. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाकड्या हाताला टाळ्या!

रावपुऱ्यातल्या आमच्या संस्थेत महिन्यातून एकदा लेखकाची मुलाखत होते. लेखक कसा घडला, पहिली गोष्ट कधी लिहिली, सुचतं कुठून, वगैरे. मी तिथे नोकरीला. मागच्या टेबलाशी बसून माइकचे आवाज सांभाळायचे, सगळं रेकॉर्ड करायचं, आणि नंतर ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचं, दिवाळी अंकासाठी. लेखक अडखळले तर ते अडखळणं मी काढून टाकते. अर्धवट वाक्यं पुरी करते. बडोद्याला येऊन गेलेली कितीतरी मोठी माणसं माझ्या बोटांतून आणखी शहाणी होऊन अंकात छापली गेली आहेत.

त्या दिवशी राजाभाऊची पाळी होती. मोलकरणीवरची त्याची कादंबरी गाजलेली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "ही नायिका तुम्हाला भेटली कुठे?" तो हसून म्हणाला, "समोरच बसलीय." आणि आईला वर बोलावून घेतलं. हात वर करायला लावला. मग माइकमध्ये सांगू लागला.

"हिचा नवरा रिक्षा चालवायचा. रोज पिऊन यायचा. एके दिवशी त्याने हिचा हात मोडला. तो हात मी पाहिला, आणि माझ्यातला लेखक जागा झाला."

हिचा नवरा म्हणजे माझा बाप. जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नाही.

खरं काय ते मला माहीत आहे. मी तिथे होते. आठ वर्षांची. शाळेला सुट्टी, म्हणून आईबरोबर राजाभाऊच्या घरी गेले होते. जुनं अधिकाऱ्यांचं घर. आई धुणं आणि अंगण करायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत तिचा पाय नाही. राजाभाऊचे वडील, नानासाहेब, यांच्या टेबलावर डायरी उघडी होती. शेजारी शाईचं पेन. मी कोऱ्या पानावर माझं नाव लिहिलं. तीन वेळा लिहिलं, इतकं ते पेन गुळगुळीत चालत होतं.

नानासाहेब आत आले. "ह्या हातांनी?" एवढंच म्हणाले. पितळी मुठीची काठी उचलली. ती माझ्या डोक्यावर येत होती. आईने हात मध्ये घातला.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सरपण मोडावं तसा. दुसरा फटका त्याच हातावर. तिसरा खांद्यावर. राजाभाऊ तेव्हा कॉलेजात होता. तो दारात उभा होता, हातात चहाचा कप घेऊन. त्याने तो कप खालीसुद्धा ठेवला नाही.

दवाखान्यात नानासाहेब स्वतः गाडीतून घेऊन आले. डॉक्टरने विचारलं, "कोणे मार्युं, बेन?" नानासाहेब आईच्या खांद्याला खांदा लावून उभे. आई म्हणाली, "मारा वरे." माझ्या नवऱ्याने. त्याच संध्याकाळी बापाला चौकीत नेलं. दोन दिवस बडवलं. पट्ट्याने, तळपायांवर. सुटला तेव्हा भिंत धरून चालत होता. आईला एक शब्द बोलला नाही. वस्तीत मात्र मरेपर्यंत बायकोचा हात मोडणारा म्हणूनच राहिला.

कादंबरी मी दोनदा वाचली होती. वाचून मिठाची गुळणी धरली होती. नोकरी होती ना! आईला वाचता येत नाही, तिला कोण सांगायला जाणार, असं स्वतःला समजावत होते. लाज वाटते मला त्याची. आजही वाटते.

पण त्या दिवशी तो हात सगळ्या सभागृहासमोर वर होता, आणि खाली कर असं आईला कुणी म्हणत नव्हतं.

स्टेजवरचे माइक मी टेबलावरून बंद केले. राजाभाऊचे ओठ नुसते हलत राहिले. प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी ठेवलेला माइक उचलला आणि चालू केला.

"हा हात माझ्या बापाने नाही मोडला. ह्याच्या बापाने मोडला."

संस्थेचे सेक्रेटरी धावत आले. "बेन, बेसी जा ने! तमाशो ना कर." त्यांनी माझा दंड धरला, पाठीमागे पिरगाळला. मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. रक्ताची चव आली तोंडात. सुटले आणि स्टेजवर चढले.

राजाभाऊ हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या आईला पोसलंय आम्ही. तुझी लायकी टायपिंगची." आणि आईचा तोच हात पकडून तिला खाली ओढायला लागला. आई कळवळली.

मी त्याच्या थोबाडीत दिली. सगळा जोर लावून. चष्मा उडून पहिल्या रांगेत पडला. पुन्हा हात उचलला होता, पण तेवढ्यात आईने माझ्याकडून माइक घेतला. बोटं मिटत नाहीत, म्हणून दोन्ही हातांच्या तळव्यांत धरला.

"नानासाहेबांनी मारलं," ती म्हणाली. "लेकीने लिहिलं म्हणून मारलं. हा दारात उभा होता, चहा पीत. माझ्या धन्याने कधी हात उगारला नाही. दवाखान्यात मी खोटं बोलले."

या वेळी टाळी वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी मनगटाला पट्टी बांधून आले. म्हणाले, "तेवढा भाग काढून टाक. राजाभाऊ तक्रार करणार नाहीत. नोकरी राहील." मी रेकॉर्डिंग लावलं आणि टाइप करायला बसले. पहिल्यांदाच काहीही काढलं नाही. त्याचं अडखळणं तसंच ठेवलं. 'कमळे' ठेवलं. टाळ्या ठेवल्या. थोबाडीचा आवाज कंसात लिहिला. कागद त्यांच्या टेबलावर ठेवले, वर राजीनामा. ते छापणार नाहीत हे मला ठाऊक आहे. एक प्रत माझ्याकडे आहे.

नव्या साडीचं आईने पोतेरं केलं. त्याने रोज फरशी पुसते.

मी वही आणली आहे. शाईचं पेनही. आई सांगते, मी लिहिते. बापाचं नाव त्यात खरं आहे. नानासाहेबांचं आहे. दारात कोण उभं होतं, तेही आहे. पहिल्या पानावर मात्र माझं नाव लिहिलं आहे, तीन वेळा. ज्याला काठी घेऊन यायचं असेल त्याने यावं. या वेळी मध्ये आईचा हात नसेल.