अर्धालिटर अप्पा

अप्पा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे. समोरच्याने नमस्कार केला तरी त्यांची नजर तिथेच. बोट जाड आहे की बारीक, पेरं ताठ आहेत की लवचीक, नख कुरतडलेलं आहे का, एवढं पाहून झालं की मग मान वर करून लिंगायती नमस्कार घालायचे, "शरणार्थी. बसा."

आमची ओळखही अशीच झाली. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कलेक्टर ऑफिसात टेबलं कमी आणि कागद जास्त. त्यात दुष्काळ. मी नवी लागलेली टायपिस्ट, सकाळपासून संध्याकाळपर्यंत टँकरचे आदेश टाईप करायची. एका वेळी कार्बन लावून पाच प्रती निघाल्या पाहिजेत, म्हणून एकेक अक्षर जोर लावून हाणावं लागे. एक दिवस पांढरं धोतर, गळ्यात लिंग आणि पायात फौजी बूट अशा वेशातले एक गृहस्थ अर्ज टाईप करून घ्यायला आले. नेमबाजीच्या क्लबला परवानगी मागायचा अर्ज होता. मी टाईप करेपर्यंत ते माझ्या हाताकडे बघत उभे राहिले. कागद घेताना म्हणाले, "बाई, तुमचं बोट दाबत न्हाई, हाणतं. पण लई नेमकं हाणतं. एकदा क्लबावर येऊन बघा."

ते गेल्यावर आमचा शिपाई हसत सुटला. "त्यांच्या नादी लागू नका. अर्धालिटर अप्पा म्हणतात त्यांना." मला वाटलं, माणूस पिणारा असणार. मग शिपायानेच सांगितलं की अप्पा दारूच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. मूळचे जळकोटचे, फौजेत पंचवीस वर्षं बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करून हवालदार म्हणून घरी आलेले. नावाची गोष्ट वेगळीच होती.

ती मी पुढच्या रविवारी डोळ्यांनी पाहिली. लातुरात मी जिच्याकडे राहायची, त्या मावशीला सोबत घेऊन गेले होते. जिनिंगच्या रिकाम्या गोदामात दहा मीटरवर कागदी निशाणं टांगलेली. क्लबाकडे छऱ्याची दोनच पिस्तुलं होती. स्पर्धेचा नियम असा, की पिस्तुलाचा चाप ओढायला निदान पाचशे ग्रॅम जोर लागला पाहिजे, त्याहून हलका चाप चालत नाही. जोर मोजायला क्लबाकडे वजनं नव्हती. अप्पांनी दूधवाल्याकडून अर्ध्या लिटरचं माप आणलं होतं, कारण अर्धा लिटर पाणी म्हणजे पाचशे ग्रॅम. पिस्तूल उभं धरायचं, चापाला तारेने माप टांगायचं आणि चमच्याचमच्याने पाणी ओतायचं. चाप सुटला की थांबायचं. मग तार आणि माप धरून किती भरलं याचा हिशेब ते मनातल्या मनात करायचे. पाण्याचा थेंब खाली सांडू देत नसत. तपासणी संपली की तेच पाणी ज्याचं पिस्तूल तपासलं त्याला प्यायला द्यायचे. "टँकरचं हाय. फेकू नका," म्हणायचे.

त्या दिवशी पाहुणी म्हणून मावशी ते पाणी प्यायली, मग तिथल्या बाकावर बसून तिने गोधडीला टिपं घातली. पुढे सहा महिने ती दर रविवारी माझ्याबरोबर आली. ती गोधडी त्या गोदामातच पुरी झाली.

क्लबात एक वकील होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ज्ञान दिलं, की चाप जितका हलका तितका नेम चांगला, सगळे मोठे नेमबाज पाचशेवरच ठेवतात. मी अप्पांकडे हट्ट धरला की मलाही पाचशेच हवा. अप्पा वाद घालत नसत. त्यांनी स्क्रू फिरवला, पिस्तूल हातात दिलं आणि बाजूला झाले. मी हात वर उचलला, बोट चापाला नुसतं टेकवलं, आणि छरा सुटून छताच्या पत्र्यावर टण्णकन वाजला. मावशीच्या हातातली सुई पडली. दुसरा छरा निशाणाच्या हातभर खाली भिंतीत गेला. तिसरा कुठे गेला ते आजवर कुणाला माहीत नाही.

अप्पांनी पिस्तूल काढून घेतलं. "बोट तुमचं पाच कागदं फोडणारं," ते म्हणाले. "त्याला एवढा हलका चाप दिला तर त्याला कळतच न्हाई की आपण आलो कुठं. आधी जड घ्या. बोटाला भिंत लागली पाहिजे. मग त्या भिंतीला रेलून थांबायचं, आणि निधान, निधान." निधान म्हणजे कानडीत सावकाश. आमच्या उदगीरकडे बाजारातही हा शब्द ऐकू येतो, पण अप्पा तो असा म्हणायचे की ऐकूनच श्वास लांब व्हायचा.

त्यांनी माझा चाप इतका जड करून दिला की पहिला आठवडा बोट दुखून मी ऑफिसात टाईप करताना चुका केल्या. एका गावाला दोन खेपांच्या जागी बावीस खेपा मंजूर करून बसले होते, साहेबांनी सही करता करता पकडलं. पण नेम सुधारू लागला. मग अप्पा दर थोड्या दिवसांनी चाप जरा जरा हलका करत गेले. आकडा मात्र सांगत नसत. मी विचारलं की म्हणायचे, "आकडा कळला की बोट तोच घोकत बसतं. छरा सुटल्यावर तुम्हालाच नवल वाटलं पाहिजे. तेव्हा समजा, वजन जमलं."

एका रविवारी तसं झालं. मी भिंतीला रेलल्यासारखी चापावर थांबले होते, दाब वाढत होता, आणि पिस्तूल आपोआप वाजल्यासारखं वाजलं. छरा मधोमध. अप्पांनी लगेच स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ते त्यांनी मावशीकडून मागून घेतलं होतं. "आता याला हात लावायचा न्हाई. वकीलसाहेबांनीबी न्हाई."

राज्य स्पर्धा पुण्याला होती आणि नव्या जिल्ह्याचा पहिला संघ जायचा होता. अडचण आमच्या अण्णांची होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, उदगीरच्या मोंढ्यात धान्य तोलणारे मापाडी. मला बघायला पाहुणे येणार होते, आणि मुलगी पिस्तूल घेऊन पुण्याला गेली हे कळलं तर काय, ही त्यांची धास्ती. अप्पा म्हणाले, "मी येतो उदगीरला." पिस्तूल पेटीत घालून आम्ही एसटीने गेलो.

अण्णांनी चहा दिला, पण बोलणं टाळलं. अप्पांनी विनवणी केली नाही. त्यांनी पेटी उघडली, पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवलं आणि अण्णांपुढे धरलं. "मापाडी, पोतं हाताने उचलून वजन सांगता म्हणे. हे सांगा."

"हे काय पोतं हाय का?" अण्णा म्हणाले. पण हात पुढे झालाच. त्यांनी चाप ओढला. डोळे मिटून पुन्हा एकदा ओढला. मग अप्पांच्या कानात काहीतरी पुटपुटले. अप्पांनी मांडीवर थाप मारली. "वीस ग्रॅमचाबी फरक न्हाई हो!" त्यानंतर ते दोघं तासभर तराजू, काटा, ओल्या तुरीचं वजन आणि फौजेतल्या हत्यारांवर बोलत बसले. मी आणि आई आत स्वयंपाकघरात. निघताना अण्णांनी मला एवढंच विचारलं, "पुण्याला थंडी असते का गं? स्वेटर घे." पाहुण्यांना त्यांनी पुढच्या महिन्यात बोलावलं. त्या दिवसापासून अप्पा मला बाई म्हणायचं थांबले. पोरी म्हणू लागले.

पुण्यात तपासणीच्या टेबलावर पंचांनी चापाला वजन टांगून बघितलं आणि माझं पिस्तूल पहिल्या फटक्यात पास केलं. वकीलसाहेबांचा चाप वजन पेलेना. पाचशेवर काठोकाठ ठेवलेला, प्रवासात ढिला झाला असणार. ते पांढरे पडले. अप्पांनी त्यांना एका शब्दाने टोचलं नाही. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, मोरीवरून माप भरून आणलं आणि हाका सुरू व्हायच्या आत पिस्तूल पास करून दिलं. अप्पांच्या नियमाप्रमाणे ते पाणीही वकीलसाहेबांना प्यावं लागलं.

माझे पहिले तीन छरे वाईट गेले. बोट पुन्हा हाणू लागलं होतं, शेजारी पुण्या-मुंबईच्या मुली, त्यांचे बूट बघूनच माझा धीर गेला. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मागे वळून पाहिलं. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, बोटाकडे बघत होते. मला एकदम हसू आलं. हसल्यावर बोट पुन्हा भिंतीला रेललं. त्या दिवशी मी अकरावी आले. परतताना एसटीत अप्पांनी आकडा सांगितला, सहाशे वीस. अण्णांनी सहाशे दहा म्हटलं होतं.

ऑफिसात साहेबांनी सत्कार केला आणि भाषणात "पहिल्या दहांत आल्या" म्हणाले. मागच्या रांगेतून अप्पा उठले. "अकरावी, साहेब. दहाव्या नंबराची पोरगी वेगळी होती." सगळे हसले. मला तेव्हा थोडा रागच आला होता.

पुढे माझं लग्न झालं, नांदेडला बदली झाली. गोदाम पुन्हा कापसाला गेलं आणि अप्पा जळकोटला. पत्रं यायची, दोनदोन ओळींची. एक दिवस त्यांच्या सुनेचं पत्र आलं, अप्पा गेले म्हणून. मी पोचेपर्यंत तिसरा दिवस उलटला होता. सुनेने चहा दिला. ओसरीवर गावातली माणसं बसली होती. मी कोण हे तिने सांगताच त्यांच्यात कुजबुज झाली आणि एक म्हातारे पुढे सरकले.

"म्हंजी त्या पिस्तुलवाल्या तुम्हीच? पुण्याला पयला नंबर आणला त्या?"

मी सुनेकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत हसत होती. "अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय त्यांनी," ती म्हणाली.

ओसरी माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी कपबशी खाली ठेवली.

"हाव," मी म्हणाले. "मीच ती."