हौदावरचा रंगारी

रंगारीबाबांनी चौतीस वर्षं कापड गिरणीत रंगाचे हौद ढवळले. तिथल्या माणसांचे हात, घाम, थुंकीसुद्धा रंगायची. त्यामुळे लघवी लाल झाली तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं नाही. दुखत तर काहीच नव्हतं.

"अहो, दाखवून तरी या," बायको म्हणाली.

"लाल हौदावर होतो. उद्या निळ्यावर जातो, मग बघ गंमत."

दोन दिवसांत लघवी आपोआप स्वच्छ झाली आणि विषय मिटला.

निवृत्तीनंतर आठव्या महिन्यात लघवी पुन्हा लाल झाली. आता हौदाचं निमित्त नव्हतं. बायको त्यांना मूत्ररोगतज्ज्ञाकडे घेऊन गेली. दुर्बिणीने तपासल्यावर मूत्राशयात गाठ दिसली. ती खोलवर गेली होती.

"पहिल्यांदा कधी दिसलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली."

"ते रक्त होतं, बाबा. वर्षानुवर्षं गिरणीच्या रंगात काम करणाऱ्यांना मूत्राशयाचा असा कर्करोग होतो. दुखलं नाही, एकदाच दिसलं, तरी यायचं असतं. तेव्हा गाठ लहान असती. आता मूत्राशय काढूनही खात्री देता येत नाही."

बाबा म्हणाले, "माझ्या हौदावर अजून चौघं आहेत."

घरी न जाता ते गिरणीच्या दारात जाऊन उभे राहिले. पाळी सुटायला तासभर होता.